कलत्या मानेचं घराणं

दस्तगीरभाईंना चार तारांच्या तंबोऱ्याला आठ तारा दिसायला लागल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चष्मेवाल्याला शिव्या घातल्या. साहजिकच आहे. वय साठीला टेकलेलं, नंबर वाढला असेल, काच नीट बसली नसेल. चष्मा बदलला, पुन्हा बदलला, तरी तारा आठच. बरं, शेजारीशेजारी दिसल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. ह्या एकीच्या डोक्यावर एक, आणि त्यातही खालची जरा तिरकी. एक डोळा मिटला की पुन्हा चार. म्हणजे दोष तारांचा नव्हता नि काचेचाही नव्हता.

मग एके दिवशी दुकानाच्या माळ्यावरून तंबोऱ्यासाठीचा भोपळा घेऊन उतरताना त्यांनी शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, आणि ती पायरी तिथं नव्हतीच. भोपळा वाचला, गुडघा फुटला. त्यांची बायको हलिमाबी हळद लावता लावता म्हणाली, "आता तरी दवाखान्यात चला. मिरजेत राहून डॉक्टर नको म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही."

खरंच होतं ते. मिरजेत तेव्हा दोनच गोष्टी उरल्यात, असं लोक थट्टेनं म्हणायचे: दवाखाने आणि तंबोरे. दवाखाने वाढत होते, तंबोरे आटत होते. सांगलीची बस बिनड्रायव्हरची झाली होती. तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीसाठी लागणारं सांबरशिंग कधीच बंद झालं, मग उंटाचं हाड आलं, तेही बंद होऊन आता कारखान्यात वाढवलेलं हाड पुड्यांतून यायचं. गाणाऱ्यांच्या खिशातल्या यंत्रात बारा महिने तंबोरा वाजत होता. तरीपण धारवाडपासून इंदूरपर्यंतची जाणती माणसं खरा तंबोरा घ्यायला दस्तगीरभाईंच्याच दुकानाची पायरी चढायची, आणि त्याला कारण एकच, जवारी.

जवारी म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. तंबोऱ्याच्या पोटावर एक चपटी घोडी असते, तिच्या पाठीवरून तारा जातात. ही पाठ दिसायला सपाट, पण तिला केसाएवढा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत थरथरते आणि त्या घासण्यातून एका सुराच्या पोटातले दहा सूर जागे होतात. उतार चुकला की तार मुकी तरी होते, नाहीतर भांडं वाजल्यासारखी कर्कश तरी. हा उतार बारीक कानशीनं घासायचा, ऐकायचं, परत घासायचं. भोपळा कोरणारे, खुंट्या बसवणारे, नक्षी काढणारे वेगळे; जवारी मात्र घरातला एकच माणूस काढणार. दस्तगीरभाईंच्या घरात ती कानस आजोबांकडून वडिलांकडं आणि वडिलांकडून त्यांच्याकडं आली होती.

आणि कानशीबरोबर मानही आली होती. आजोबा इमामसाहेब जवारीला बसले की त्यांची मान डाव्या खांद्यावर कलायची. खरं तर बसले नसतानाही ती कललेलीच असायची, जेवताना, बाजारात, मुलाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. लोक म्हणायचे, तार ऐकून ऐकून उस्तादांची मान तशीच राहिली. मग वडिलांची कलली. दस्तगीरभाईंची तर रांगायला लागल्यापासून. घरात एक बोलणंच होऊन बसलं: मान कलली की कान उघडला. ज्या पोराची मान आपसूक कलेल त्याच्या हाती कानस द्यायची, बाकीच्यांना खुंट्या आणि नक्षी आहेच. कारागीरही उस्तादांचं बघून बघून तार लावताना मान टाकायचे. नवीन गिऱ्हाईक दारातून आत डोकावलं तर त्याला सगळं दुकानच डावीकडं झुकलेलं दिसायचं.

दस्तगीरभाईंना मुलगा नव्हता. मुलगी होती, तहसीन. तान्ही असताना तिची मान कलायची, पण तिसऱ्या वर्षी कसल्याशा तापातून उठली नि सरळ झाली. दस्तगीरभाई तेव्हा कलकत्त्याला होते, परतल्यावर त्यांना हे कळलं. एक उसासा टाकून त्यांनी तो विषय संपवला. पुढं थोरल्या भावाचा मुलगा इलियास पोरका होऊन त्यांच्याकडं आला, आणि वर्षभरात त्याची मान कलली. झालं, कानस कुणाकडं जाणार ते ठरलं. तहसीन तारा चढवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, माल पाठवायची. फेकून दिलेल्या घोड्या स्वयंपाकघरात नेऊन घासत बसायची, त्याला कुणाची ना नव्हती. कधी जाता जाता म्हणायची, "अब्बा, तिसरी तार दबतेय." त्यावर हे म्हणायचे, "दबू दे. तू पार्सल बांध."

तर अशी ही मान घेऊन दस्तगीरभाई डॉक्टर अनघा आरवाडे यांच्यासमोर जाऊन बसले. बाई सांगलीच्या, डोळ्यांच्या हालचालींवर अभ्यास केलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी डोळ्यांच्या आधी मान बघितली.

"उस्ताद, मान सरळ करा बघू."

"सरळच आहे की."

बाई हसल्या. उठून त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि उजव्या खांद्याकडं झुकवलं. "समोरचा दिवा बघा. किती दिसतात?"

"दोन. लांब लांब."

"आणि आता डावीकडं?"

"दोनच. पण जवळ आले."

भिंतीवरच्या पडद्यावर दस्तगीरभाईंना स्वतःचाच उजवा डोळा दिसत होता. मान उजवीकडं नेली की तो गडी एकटाच वर सरकत होता. साठ वर्षं बरोबर राहून ह्यानं असा दगा द्यावा, ह्याचा त्यांना रागच आला.

"प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात," बाई सांगायला लागल्या. "त्यातला एक मुलखावेगळा आहे. तो मागून येतो, नाकाजवळच्या एका इवल्याशा कडीतून वळतो, विहिरीच्या कप्पीवरून दोर वळतो ना तसा, आणि परत मागं जाऊन डोळ्याला धरतो. डोळा खाली वळवायचा आणि त्याला आतल्या अंगानं पीळ द्यायचा, हे त्याचं काम. त्या एकट्यासाठी मेंदूतून एक स्वतंत्र नस निघते. चौथी नस म्हणतात तिला. मेंदूच्या पाठीमागून निघून वळसा घालून पुढं येणारी ती एकटीच. तुमच्या उजव्या डोळ्याची ही नस जन्मतःच झालेली नाही."

"आणि मान?"

"तो स्नायू लुळा, म्हणून डोळा वर सरकतो, चित्र तिरकं पडतं. मान डावीकडं टाकली की त्या स्नायूवाचून बरंचसं भागतं आणि दोन चित्रं जवळ येतात. तान्ह्या बाळाला हे कुणी शिकवत नाही, ते आपलं आपण शोधून काढतं. राहिलेलं थोडं अंतर मेंदू जोर लावून शिवून घेतो. आता वय झालं, जोर कमी पडला, शिवण उसवली. म्हणून आठ तारा."

दस्तगीरभाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, ही मान माझ्या आज्ज्याची आहे."

"असणार. हा दोष कधी कधी घराण्यातून येतो."

"आमच्या घराण्यातून जवारी येते," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून आले. घरी येऊन हलिमाबीला सांगितलं, डॉक्टरीण चांगली आहे पण तिला गाण्यातलं काही कळत नाही.

पण गाण्यातलं कळणारी माणसंही होतीच. धारवाडच्या शांभवीबाई वर्षानुवर्षं त्यांच्याच तंबोऱ्यावर गायच्या. त्यांच्या जोडीतल्या एका तंबोऱ्याची जवारी काढायला दस्तगीरभाई बसले, दोन तारांतली खरी कोणती ते ताडत बसले, आणि कानस फिरवायची ती भलत्याच जागी फिरवून बसले. घोडी गेली. शांभवीबाईंनी तंबोरा मांडीवर घेतला, एकदा छेडला, पुन्हा छेडला, आणि न बोलता गवसणीत घालून तिथंच ठेवला. तोंडभरून शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा येईन कधीतरी." ती बाई पायरी उतरून गेल्यावर दस्तगीरभाई गादीवर तसेच बसून राहिले. आपल्या हातून जवारी जाते आहे, आणि ती आपल्याबरोबरच घरातूनही जाणार, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, कारण इलियासच्या हातात कष्ट होते पण तार उघडत नव्हती. हे ते स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

ते मुकाट्यानं परत आरवाडेबाईंकडं गेले.

"चष्म्याची भिंगं देता येतील," बाई म्हणाल्या, "पण ती समोर बघायला. तुमचं सगळं काम खाली मान घालून, आणि डोळ्याचा पीळ भिंगानं जात नाही. दुसरा एखादा स्नायू ढिला करायचं जुनं ऑपरेशन आहे. लहान मुलांना झकास लागू पडतं, तुमचं निम्मंच भागेल. तिसरा रस्ता नवा आहे, नवी नसच बसवायची."

"नस विकत मिळते?"

"करावी लागते. आधी त्या वाळलेल्या स्नायूत तुमच्याच पेशी वाढवून पेरायच्या, तो उभारी धरेल. मग त्यात केसाहून बारीक तार सोडायची. कानामागं कातडीखाली मसुरीच्या डाळीएवढी चकती बसवायची. डोकं किती कललंय ते ती ओळखते, मेंदू बाकीच्या स्नायूंना काय हुकूम सोडतोय ते ऐकते, आणि चौथी नस असती तर आत्ता काय म्हणाली असती ह्याचा अंदाज बांधून तेवढं त्या स्नायूला सांगते. सुरुवातीला चुकते. शिकत शिकत सुधारते."

"म्हणजे तीपण ऐकूनच शिकते म्हणा की."

"होय की! फक्त एक आहे. ती शिकेपर्यंत काही महिने मान सरळ पाहिजे. तुम्ही कलला तर ती उलटं शिकेल. आणि शिकली की मग कलायची गरजच राहणार नाही."

दस्तगीरभाईंनी विचारलं, "आणि माझा कान?"

"कानाचा ह्याच्याशी काय संबंध?"

"मी विचारतोय तुम्हाला."

"काही संबंध नाही," बाई ठामपणे म्हणाल्या.

दोष घराण्यातला आहे का ते बघायला बाईंनी घरच्यांचीही तपासणी मागितली. तहसीन लगेच तयार झाली. इलियास नाही होय करत आला. दवाखान्यातलं नवं यंत्र डोळ्यामागचा एकेक स्नायू, एकेक नस निराळी काढून दाखवायचं. पंधरवड्यानं तिघं बाईंच्या खोलीत बसली. सगळ्यांसमोर सांगू ना, असं बाईंनी विचारलं, आणि आमच्यात लपवाछपवी नसते, असं दस्तगीरभाई रुबाबात म्हणाले. माणसानं असं बोलू नये.

"इलियासच्या दोन्ही नसा ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या.

"मग त्याची मान?"

"ती डोळ्यामुळं नाही. मानेचे स्नायू एका बाजूनं आखडलेत. सवयीनं. दुखत असेल भरपूर." इलियास खाली बघत राहिला. "आणि तहसीनच्या उजव्या डोळ्याला चौथी नस नाही. अगदी तुमच्यासारखीच. पण लहानपणी हिचं ऑपरेशन झालंय. ढिला करून शिवलेला स्नायू दिसतोय इथं. फार सुरेख काम केलंय कुणीतरी."

"माझं ऑपरेशन?" तहसीन म्हणाली. "कधी?"

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच दस्तगीरभाईंचा पारा चढला, आणि पहिला बळी अर्थातच इलियास. "लबाडा! इतकी वर्षं मला फसवलंस? नाटकं केलीस मान टाकायची?"

इलियास चांगला बाप्या माणूस, मिशीत दोन केस पांढरे झालेले. "नाटक नव्हतं चाचा. अब्बा गेले, मी तुमच्या घरी आलो. पहिल्याच दिवशी तुम्ही कुणाला तरी सांगत होता, ज्याची मान कलेल तो माझा. मला वाटलं, नाही कलली तर ठेवून घेणार नाहीत. म्हणून कलवली. रात्री उशी एका बाजूला सारून झोपायचो. मग ती तशीच राहिली. आता सरळ करायला गेलो तर डोळ्यांत पाणी येतं."

तहसीननं इलियासचा हात धरला आणि त्याला रिक्षात बसवलं.

हलिमाबी दारातच उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. तिघांची तोंडं बघून ती समजली.

"तुम्ही कलकत्त्याला होता," ती म्हणाली. "पोरगी मान टाकून चालायची आणि सगळे म्हणायचे, माशाअल्ला, उस्तादांची मान घेऊन आली. मी तिला बघत होते. पायरी उतरताना चाचपडायची. दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा दोष आहे, आत्ताच केलं तर नीट होईल. केलं मी."

"आणि मला ताप सांगितलास!"

"मग काय सांगू? पोराची मान वाकडी असली तर उस्तादांची मान, पोरीची असली तर नुसती वाकडी मान. जन्मभर तिला कुणी सरळ नजरेनं बघितलं नसतं."

"मला कळलं असतं तर... तिची मान कललेली ठेवली असती. कानस दिली असती तिला."

"मुलीला?" हलिमाबीनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगा. दिली असती?"

दस्तगीरभाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तहसीन तिथंच होती, तिनं ते बघितलं.

नस बसली. ऑपरेशनचं फार काही सांगण्यासारखं नाही. स्नायू पेरला, धरला, मग तार सोडली, चकती बसवली. खरा त्रास पुढं होता. गळ्यात पट्टा घालून मान सरळ ठेवली की अख्खी मिरज उजवीकडं कलायची. दर्ग्याचे मिनार, विजेचे खांब, समोर बसलेली हलिमाबी, सगळं तिरपं. बाई म्हणाल्या, तुमचा मेंदू साठ वर्षं कललेल्यालाच सरळ समजत आलाय, त्याला थोडा वेळ द्या. एकदा त्यांनी चोरून मान टाकून बघितली, तर दोन तंबोरे, दोन घोड्या, आणि पोटातलं सगळं उलटून आलं. पुन्हा म्हणून ते त्या वाटेला गेले नाहीत. हळूहळू मिनार उभे राहिले, आणि एका सकाळी तंबोऱ्यावर चारच तारा होत्या. स्वच्छ, एकेक वेगळी. दस्तगीरभाई लहान मुलासारखे रडले.

मग त्यांनी तार छेडली.

तार ऐकू आली. जवारी ऐकू आली नाही. त्यांनी मुद्दाम आपला सगळ्यांत जुना, सगळ्यांत गोड तंबोरा घेतला. सूर होता, पण त्याच्या पोटातला दुसरा सूर, तिसरा सूर, काही काही वेगळं होईना. सगळं एकात एक कालवल्यासारखं. त्यांनी घाबरून आणखी दोन तंबोरे काढले आणि तिन्ही आळीपाळीनं छेडले. बरा कोणता, वाईट कोणता, तेही कळेना. हा माणूस आयुष्यात कशाला भ्याला नव्हता, तो त्या दिवशी भ्याला.

आरवाडेबाईंनी कान तपासले. कान उत्तम होते. बाई खुर्चीत मागं टेकल्या. "मी चुकले, उस्ताद. संबंध नाही म्हणाले होते. तुमच्या मेंदूनं कलणं आणि ऐकणं जन्मापासून एकाच गाठीत बांधलंय. एक दोर सुटला तसा दुसराही सैल झाला. ऐकणं परत बसेल. पण नव्यानं शिकावं लागेल."

"आणि नाही बसलं तर?"

"चकती बंद करता येते. मग कान परत येईल बहुतेक. आणि आठ ताराही."

म्हणजे दिसेल ते ऐकू येणार नाही, आणि ऐकू येईल ते दिसणार नाही. दस्तगीरभाई घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. त्यातच शांभवीबाईंचा निरोप आला: मोठी बैठक आहे, शुक्रवारी येते, तंबोरा होईल ना? नाहीतर ह्या खेपेला यंत्रावरच गाईन म्हणते. तहसीननं परस्पर कळवून टाकलं होतं, या, होईल.

शुक्रवारी सकाळी दस्तगीरभाईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. कारागीर काम थांबवून आले, हलिमाबी आतल्या दारात उभी राहिली. उस्तादांनी बरीच जुळवाजुळव केलेली दिसत होती.

"घराण्याचा नियम मी मोडणार नाही," ते म्हणाले. "कलत्या मानेला कानस. आता दवाखान्यातून शाबीत झालंय की तहसीनची मान मुळात कललेलीच होती. ती नंतर सरळ केली, ती गोष्ट वेगळी. तेव्हा नियमाप्रमाणंच कानस आजपासून..."

"अब्बा, थांबा," तहसीन म्हणाली. "मला नको."

"नको? अगं, नियमात बसतंय सगळं!"

"म्हणूनच नको. माझ्या डोळ्यात एक नस कमी आहे म्हणून तुम्ही मला जवारी देणार? मग इलियासभाईनं मान मोडून घेतली ती काय वाईट होती? एवढी वर्षं मी सांगत आले, तिसरी तार दबतेय, चौथी ओरडतेय. एकदा तरी म्हणालात, थांब, तुला कसं कळलं? ते विचारा. मग कानस द्या नाहीतर देऊ नका."

दस्तगीरभाईंचा चेहरा लाल झाला. आता हे उठून फडताळ आपटणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते गादीवरून उतरले. शांभवीबाईंचा तंबोरा, नवी कोरी घोडी बसवलेला, त्यांनी तहसीनसमोर ठेवला आणि शिकाऊ पोरं बसतात तिथं खाली, सतरंजीवर मांडी घालून बसले.

"सांग," ते म्हणाले. "मला काही ऐकू येत नाही बेटा. खरंच येत नाही. तुला सरळ मानेनं कसं ऐकू येतं, ते मला शिकव."

तहसीनला हे अपेक्षित नव्हतं. तिचा आवाज एकदम खाली आला. "मी तार ऐकतच नाही अब्बा. मी सा लावते."

कारागिरांत चुळबुळ झाली. त्या घरात आणखीही एक रीत होती: करणाऱ्यानं गाऊ नये. गाणाऱ्यानं गावं, करणाऱ्यानं ऐकावं. तीन पिढ्यांत कुणी दुकानात सूर काढला नव्हता.

"स्वयंपाकघरात कोण ऐकायला होतं?" तहसीन म्हणाली. "तार छेडायची आणि तोंड मिटून सा धरायचा. जवारी बंद असली की आपला आवाज आपल्याला वेगळा ऐकू येतो, उपऱ्यासारखा. जशी उघडत जाते तसा तो तंबोऱ्यात बुडायला लागतो. पुरता बुडला की थांबायचं. तारेकडं लक्षच द्यायचं नाही, स्वतःला शोधायचं. लावा सा."

"माझा गळा?" दस्तगीरभाई बिचकले. "फुटका आहे."

"असू दे. फुटकाही बुडतो."

तिनं कानस उचलली. घोडीवरून दोन हात फिरवले, तार चढवली, छेडली. दस्तगीरभाईंनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानात सूर लावला. खरखरीत, थरथरता. एक कारागीर हसू दाबायला खोकला. तो आवाज तारेपासून चांगला चार हात लांब उभा होता, आणि आश्चर्य म्हणजे ते दस्तगीरभाईंना स्वतःला कळलं. "बाहेर आहे," ते म्हणाले.

"बरोबर," तहसीन म्हणाली, आणि तिनं पुन्हा कानस फिरवली.

असं कितीदा झालं. घासायचं, छेडायचं, सा. घासायचं, छेडायचं, सा. "बाहेर." "अजून बाहेर." "कडेला आला." ह्या वेळेपर्यंत खोकणारा कारागीरही पुढं सरकून बसला होता. मग तहसीननं कानस इतकी हलकी फिरवली की ती टेकली की नाही कळलं नाही, तार छेडली, आणि दस्तगीरभाईंचा आवाज नाहीसा झाला. ओठ मिटलेले, छाती भरलेली, गळ्याची शीर ताठ, म्हणजे ते गात होते. पण दुकानात फक्त तंबोरा होता. आणि त्या तंबोऱ्याच्या पोटातून एकेक सूर वर येत होता, पहिला, दुसरा, पार वरचा तो बारीकसुद्धा. त्यांनी सूर सोडला तेव्हा त्यांची दाढी भिजलेली होती.

"उघडली," ते म्हणाले. "या अल्ला, उघडली. आणि मी हिला पार्सलं बांधायला लावली." त्यांनी लेकीचे दोन्ही हात कानशीसकट आपल्या हातात घेतले. "ही तुझी. नियमानं नाही. तुला येतं म्हणून. माझ्यापेक्षा चांगलं येतं म्हणून."

तहसीन रडत हसत होती. आतल्या दारात हलिमाबीनं पदर तोंडाला लावला होता.

दस्तगीरभाईंनी मागं वळून दुकानाकडं बघितलं. सरळ मानेनं, सरळ डोळ्यांनी ते आपल्या माणसांना पहिल्यांदाच बघत होते. सगळी ओळच्या ओळ जवारी ऐकायला डाव्या खांद्यावर मान टाकून बसलेली, भोपळा कोरणारा, खुंट्या करणारा, नुकताच कामाला लागलेला, एकूण एक. त्यांतल्या एकाचीही नस लुळी नव्हती.

"माना सरळ करा रे," ते म्हणाले. "सगळ्यांनी."

माना सरळ झाल्या. कुणी हसलं, कुणी लाजलं, कुणाच्या मणक्यातून कट्‌कन आवाज आला. इलियासची मात्र होईना. तो खालचा ओठ दाताखाली धरून जोर लावत होता, आणि ती अर्ध्यावर येऊन परत पडत होती. दस्तगीरभाई उठले, त्याच्या मागं जाऊन बसले, एक हात त्याच्या गालाखाली घातला, दुसरा खांद्यावर ठेवला.

"सावकाश," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "घाई नाही. तू माझाच आहेस. कशीही ठेव."

तहसीननं तार छेडली.